रिकामा डबा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांचा डबा शाळेतून रिकामा घरी जातो? हात वर करा पाहू! शाब्बास. आता हात खाली घ्या आणि माझी गोष्ट ऐका. आणि हो, मुलांच्या खांद्यावरून हे पान हळूच वाचणाऱ्या आई-बाबांनो, तुम्हीही बसा.

नववीत असताना माझाही डबा रोज रिकामा घरी यायचा. पोळीचा तुकडा नाही की भाजीची फोड नाही. आई डबा घासायला घेताना शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगायची, "आमच्या हिचं बरं आहे हो, पानात काही टाकत नाही."

पण तो डबा मी संपवत नव्हते. आमच्या शाळेच्या मागे चिंचेच्या झाडाखाली एक तांबडी कुत्री असायची. तिला चार पिल्लं होती. माझा डबा ती संपवायची.

गेली पंधरा वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना शेकडो गोष्टी सांगितल्या, पण ही एक कधी सांगितली नाही. लाज वाटायची, दुसरं काय! आज का सांगते आहे, तेही पुढे कळेलच.

तेव्हा २००३ साल होतं. बाबांची बदली झाली आणि आम्ही लहान गावातून तालुक्याच्या गावी आलो. जुन्या शाळेत मी पहिली यायची. सातवीत स्कॉलरशिपही मिळाली होती. नव्या शाळेत पहिल्याच चाचणीत माझा नंबर आला अकरावा! मैत्रिणी मागे राहिल्या होत्या. घरी आजी आजारी होती, आई तिच्या सेवेत आणि बाबा ऑफिसात. मी रडून दाखवायचं कुणाला? सगळे म्हणायचे, "ही फार समजूतदार आहे." आता समजूतदार मुलगी तक्रार कशी करणार, तुम्हीच सांगा!

त्याच दिवसांत मामेबहिणीचं लग्न झालं. मांडवात एक आजीबाई माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "खात्यापित्या घरची दिसते हो पोर!" त्यांनी ते मायेनंच म्हटलं. आजूबाजूच्या मुली मात्र फिसकन हसल्या. पुढच्याच आठवड्यात शाळेत वजन-उंचीची तपासणी झाली. सर एकेकीचं वजन मोठ्याने ओरडून सांगत होते आणि मॉनिटर वहीत लिहून घेत होता. माझा आकडा ऐकून मागच्या बाकावरून कुणीतरी ढोल वाजवल्यासारखा आवाज काढला. सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा डबा खाल्ला नाही.

आता खरी गोष्ट सांगते. त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं नाही, उलट छान वाटलं! कोणती शाळा, कुठलं गाव, कधी झोपायचं, कधी उठायचं, हे सारं मोठी माणसं ठरवत होती. नंबर माझ्या हातात नव्हता, आजीचं दुखणं माझ्या हातात नव्हतं. पण खायचं की नाही, हे माझ्या एकटीच्या हातात होतं! जणू मला एक छोटंसं राज्यच मिळालं आणि त्या राज्याची मी राणी झाले.

पण हे राज्य फसवं निघालं. आधी लोक म्हणाले, "बारीक झालीस, छान दिसतेस." मग थंडी वाजायला लागली, तीही चैत्रात. केस गळायला लागले. आईवर, भावावर मी विनाकारण खेकसायची. आणि गंमत पाहा, न जेवणारी मी दिवसभर जेवणाचाच विचार करायची! वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या पाककृती कापून वहीत चिकटवायची. आईला आग्रह करकरून शिरा करायला लावायची, सगळ्यांना वाढायची आणि स्वतः मात्र तोंडात घालायची नाही. इतरांना मी हडकुळी दिसत होते, पण आरशात मला अजून तीच मांडवातली मुलगी दिसायची. राणी कसली, मी तर त्या राज्यातली कैदी झाले होते.

मला वाचवलं ते बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीनं. तिनं चिंचेखालचा प्रकार पाहिला आणि सरळ जाऊन आमच्या मराठीच्या बाईंना सांगितला. मला इतका राग आला! चुगलखोर म्हणून मी दोन महिने तिच्याशी बोलले नाही. आज ती माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण आहे.

बाईंनी मला बोलावून घेतलं. वाटलं, आता ओरडा बसणार. पण "डबा का खात नाहीस?" असं त्यांनी विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "बाळ, या गावात आल्यापासून तुला कसं वाटतंय?" झालं! जे पाणी वर्षभर अडवून ठेवलं होतं, ते बाईंच्या टेबलावरच सांडलं.

पुढे जिल्ह्याच्या गावी डॉक्टर झाले, मनाच्या डॉक्टरबाई झाल्या. पूर्ण बरी व्हायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. पहिल्याच भेटीत आईनं डॉक्टरबाईंना रडत विचारलं, "माझं काय चुकलं हो?" तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. बारावीनंतर मी डीएडला गेले, मानसशास्त्राची ओळख झाली आणि मी ठरवलं, आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचंच. डॉक्टरबाईंनी पुस्तकं दिली, पुढेही मी वाचत राहिले. काय काय सापडलं, ते तुम्हाला सांगते.

या आजाराचं नाव आहे ॲनोरेक्सिया नर्व्होसा. लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग या दोघांनी १८७३ साली, एकमेकांपासून दूर बसून, या आजाराचं वर्णन केलं. लासेग यांनी वेगळं नाव सुचवलं होतं, पण टिकलं ते गल यांचं. गंमत अशी की ॲनोरेक्सिया म्हणजे भूक नसणं. पण भूक असते बरं का! ती दाबून ठेवलेली असते. याची एक बहीणही आहे, तिचं नाव बुलिमिया. त्यात माणूस कधी भराभरा खूप खातो आणि मग स्वतःचाच राग येऊन ते खाणं शरीराबाहेर काढायला बघतो. जेरल्ड रसेल या लंडनच्याच डॉक्टरांनी १९७९ साली तिला हे नाव दिलं.

पण हे होतं कशामुळे? आमच्याकडे कृष्णेला पूर येतो, तेव्हा तो एका ओढ्यामुळे येत नाही. दहा ओढ्यांचं पाणी एकाच वेळी येतं, तेव्हा नदी पात्राबाहेर पडते. या आजाराचंही तसंच आहे. यातले काही ओढे आपण पाहू.

पहिला ओढा दाखवला हिल्डे ब्रुक या डॉक्टरबाईंनी. त्या मूळच्या जर्मनीच्या, पुढे अमेरिकेत गेल्या. अशा खूप मुलींचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. १९७८ साली त्यांचं एक पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'सोन्याचा पिंजरा'. एका मुलीनं त्यांना सांगितलं होतं, की मी सोन्याच्या पिंजऱ्यातली साधी चिमणी आहे. ब्रुक म्हणाल्या, या मुली फार शहाण्या, फार आज्ञाधारक असतात. इतरांना काय हवं ते त्यांना अचूक कळतं, पण स्वतःला काय हवं ते कळत नाही. मग 'माझ्यावर माझी सत्ता आहे' हे सिद्ध करायला त्यांना स्वतःचं शरीरच तेवढं सापडतं. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. माझ्या राज्याची गोष्ट यांना कुणी सांगितली?

ब्रुक यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बाळ रडलं की ते दर वेळी भुकेनंच रडतं असं नाही. कधी त्याला भीती वाटते, कधी नुसतं जवळ घ्यायला हवं असतं. दर वेळी तोंडात घासच गेला, तर भूक कोणती आणि दुःख कोणतं, हे बाळ शिकणार कसं? आपल्याकडे काऊचा घास, चिऊचा घास म्हणत पोट भरल्यावरही चार घास जातातच की! त्यात प्रेमच असतं. पण पोट काय म्हणतंय, तेही अधूनमधून ऐकायला हवं.

दुसरा ओढा आरशाचा. म्हणजे इतरांच्या नजरेचा. फिजी नावाचा बेटांचा देश आहे. तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये भरलेलं अंग चांगलं मानत. कुणी वाळलं, तर घरचे त्याची काळजी घेत नाहीत की काय, असं लोकांना वाटे. आपली 'खात्यापित्या घरची' म्हणणारी आजीबाई आठवली ना? तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. त्यावर परदेशी मालिका लागत. ॲन बेकर या अमेरिकन संशोधकबाईंनी तेव्हा तिथल्या शाळकरी मुलींना खाण्याबद्दल आणि शरीराबद्दल प्रश्न विचारले. १०० मुलींमागे सुमारे १३ मुलींची उत्तरं काळजी वाटावी अशी होती. तीन वर्षांनी, १९९८ साली, त्याच वयाच्या मुलींना तेच प्रश्न विचारले. हा आकडा २९ वर गेला होता! पाहणी लहान होती, सगळा दोष टीव्हीचा असंही नाही. पण रोज डोळ्यांसमोर जे दिसतं, त्याच्याशी आपण स्वतःला ताडून पाहतो, हे खरं. तेव्हा टीव्ही होता, आज हातात मोबाइल आहे. त्यातले फोटो तर मुद्दाम घासूनपुसून, खोटे गोरे-बारीक केलेले असतात.

ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी हेच नेमकं पकडलं. ते म्हणाले, आपण स्वतःची किंमत अनेक गोष्टींवरून करतो. मैत्री, अभ्यास, खेळ, गाणं, घरची माणसं. पण जेव्हा कुणी स्वतःची जवळजवळ सगळी किंमत वजनावर आणि दिसण्यावरच करू लागतं, तेव्हा या आजाराला धरायला खुंटी मिळते. प्रगतिपुस्तकात दहा विषय असताना एकाच विषयाचे गुण मोजले, तर कसं चालेल?

तिसरा ओढा आहे उपासमारीचा. हा मला सगळ्यांत नवलाचा वाटला. १९४४-४५ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं, ते शिकायचं होतं. ३६ धडधाकट तरुण आपणहून तयार झाले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. काय झालं असेल? ते चिडचिडे झाले, एकेकटे बसू लागले, उन्हाळ्यातही कुडकुडू लागले. आणि पाककृतींची पुस्तकं वाचू लागले! माझी चिकटवही आठवली ना? बरं, या तरुणांना कुणी जाड म्हणून चिडवलं नव्हतं. म्हणजे पोटाला अन्न मिळालं नाही, की मनच वेडंवाकडं चालू लागतं. मनाच्या दुःखामुळे खाणं सुटतं आणि खाणं सुटल्यामुळे मन आणखी दुखतं. असं हे चाक फिरत राहतं. म्हणून "मनात आणलं तर खाशील, हट्टी आहेस झालं!" असं म्हणून काही होत नाही. आधी पोटात अन्न जावं लागतं, तेव्हा मनाला बोलता येतं.

आणि एक ओढा जमिनीखालून वाहतो. तो जन्मतः येतो. २०१९ साली जगभरातल्या सुमारे १७ हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या पेशींमधल्या जनुकांत या आजाराशी संबंध असलेल्या आठ जागा त्यात सापडल्या. म्हणजे मांडवात तेच वाक्य दहा मुलींनी ऐकलं, तर नऊ जणी विसरून जातात आणि एकीच्या मनात ते रुजतं. त्यात तिचा दोष नसतो.

मग घरच्यांचं काय? एके काळी मोठमोठे डॉक्टरही घराकडे बोट दाखवत. साल्वाडोर मिनुचिन यांनी १९७८ साली लिहिलं, की अशा घरातली माणसं एकमेकांत फार गुंतलेली असतात, भांडण बाहेर येऊच देत नाहीत. काही घरांत ते दिसतंही. पण पुढच्या अभ्यासांतून कळलं, की या आजाराचं असं ठरावीक घर नसतं. गरीब-श्रीमंत, खेडं-शहर, कुठेही तो होतो. मुलग्यांनाही होतो बरं का! आणि प्रत्येक वेळी माणूस वाळलेलाच दिसतो असंही नाही. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात तर १९८० च्या दशकात डॉक्टरांनी आई-वडिलांनाच उपचारात सोबत घेतलं आणि लहान वयाच्या रुग्णांना त्याचा फार उपयोग झाला. २०१० साली या विषयातल्या तज्ज्ञांच्या 'अकॅडमी फॉर ईटिंग डिसऑर्डर्स' या संघटनेने स्पष्टच सांगितलं, की घरच्यांना या आजाराचं मूळ कारण ठरवू नका.

एका दिवाळीत आई चकल्या पाडत होती, मी तळत होते. ती मध्येच म्हणाली, "तेव्हा माझं लक्षच नव्हतं गं तुझ्याकडे." इतकी वर्षं झाली तरी तिचा प्रश्न संपला नव्हता. मी झारा खाली ठेवला आणि तिला पुराची आणि ओढ्यांची सगळी गोष्ट सांगितली. म्हटलं, "आई, तुझ्यामुळे मी आजारी पडले नाही. तू रोज रात्री दीड-दीड तास माझ्या ताटाशी बसायचीस ना, त्यामुळे मी बरी झाले." ती काही बोलली नाही. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बघ, चकल्या करपल्या." त्या करपक्या चकल्या आम्ही दोघींनी मिळून खाल्ल्या.

आता सांगते, हे आज का लिहिलं. गेल्या वर्षी आमच्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं. मी चौथीच्या मुलांना एकेक करून काट्यावर उभं करत होते आणि आकडा मोठ्याने सांगत होते. दुसऱ्या बाई लिहून घेत होत्या. हो, मीच! कामाच्या घाईत मी तेच केलं, जे माझ्या शाळेत झालं होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी खिचडीचं ताट तसंच पुढे ठेवून बसलेली दिसली. तिसऱ्या दिवशीही तेच. मी तिच्याशेजारी मांडी घालून बसले आणि विचारलं, "काय झालं गं?" बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाई, तुम्ही माझा आकडा सगळ्यांना सांगितला."

मुलांनो, शिक्षकांचंही चुकतं. मी तिची माफी मागितली, वर्गासमोरही मागितली. तिच्या आईशी बोलले. घरी लहान भाऊ झाल्यापासून ती जरा एकटी पडली होती, तेही कळलं. वेळेत कळलं म्हणून बरं, आता ती छान जेवते आणि लंगडीत सगळ्यांना बाद करते. आमच्या शाळेत आता वजन गुपचूप वहीत लिहिलं जातं. आकडा फक्त मुलाला आणि त्याच्या घरच्यांना कळतो.

तर मुलांनो, माझं एवढं ऐकाल? कुणाच्या अंगावरून चिडवू नका, जाड्या नाही आणि काडीपैलवानही नाही. तुम्हाला स्वतःला खाण्याची भीती वाटत असेल, तर आई, बाबा, बाई, सर, जे कुणी आपले वाटतील त्यांना सांगा. आणि एखादा मित्र डबा लपवतोय, गप्प गप्प राहतोय असं दिसलं, तर मोठ्यांना सांगा. ती चुगली नसते. ती मैत्री असते. मला विचारा!

आणि आई-बाबांनो, ताटावर बसून मुलांच्या जाडीची चर्चा नको, स्वतःच्याही नको. काय शिजवायचं आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा. किती भूक आहे, ते धडधाकट मुलाला सांगू द्या. पण मूल सतत जेवण टाळतंय, झपाट्यानं वाळतंय, चिडतंय, लपून खातंय असं दिसलं, तर आपोआप जाईल म्हणून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा, मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा. सरकारच्या टेली-मानस या सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. आणि स्वतःला दोष देत बसू नका. तुमच्या मुलाला तुम्ही हवे आहात.

आज मूल शाळेतून घरी येईल. डबा उघडून बघाल, तो रिकामा असेल. छानच! पण तो बघायच्या आधी एकदा विचारा, "आज दिवस कसा गेला रे?" आणि मुलांनो, नुसतं "बरा गेला" असं सांगून पळायचं नाही हं. काय काय झालं, ते सगळं सांगायचं. सांगाल ना?